भिंतीवरची बुरशी: आधी पाणी, मग सफाई, रंग सगळ्यात शेवटी

ऑगस्ट लागला की ठाण्यात रंगाऱ्याला फोन लागत नाही. गणपती तोंडावर आलेले असतात, हॉलच्या कोपऱ्यात काळे ठिपके पसरलेले असतात आणि ते पाहुण्यांना दिसायला नको असतात. मग भिंत कोरडीच खरवडली जाते, दोन हात पुट्टी, वरून डब्यावर ‘अँटिफंगल’ लिहिलेला रंग. दिवाळीपर्यंत त्याच जागी रंगाला फुगे येतात आणि पुढच्या जुलैत ठिपके पुन्हा हजर, आधीपेक्षा थोडे पसरून.

यात चुकतो तो क्रम. पाण्याची वाट शोधायची, ती बंद करायची, बुरशी काढायची, भिंत वाळवायची, वाळली का ते मोजायचं आणि मग गिलावा, पुट्टी, रंग. पाणी शोधणं आणि भिंत वाळवणं ही दोन कामं जवळजवळ प्रत्येक घरात गाळली जातात, कारण त्यात डोळ्यांना दिसेल असं काही घडत नाही.

बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, ते घरातून हद्दपार करता येत नाहीत. खायला त्यांना काहीही चालतं: रंगातला चिकटा, प्लायवूड, कागद, भिंतीवर बसलेली धूळ. आपल्या हातात फक्त पाणी आहे. भिंतीलगतच्या हवेतली आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. गळतीत भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली नाही, तरीही धरते.

## आधी ठरवा: घरी करायचं की माणसं बोलवायची

अंदाजे ३ फूट बाय ३ फूट, म्हणजे साधारण १० चौरस फुटांपर्यंतची बुरशी नीट काळजी घेऊन घरच्या घरी काढता येते. त्याहून मोठी असेल, पीओपीच्या खोट्या छताच्या आत शिरली असेल, पाणी ड्रेनेजचं असेल किंवा एसीच्या आतल्या भागातून काळे कण उडत असतील, तर हे काम जाणकारांचं.

घरात दमा असलेलं माणूस, तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेला किंवा अवयव प्रत्यारोपण झालेला रुग्ण असेल, तर काम लहान असलं तरी त्यांना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. दुसऱ्या खोलीत बसवून भागत नाही.

रंगावरून घाबरू नका आणि रंगावरून निर्धास्तही राहू नका. काळी दिसते म्हणून ती विषारीच असं नसतं, आणि हिरवट किंवा पांढरी म्हणून निरुपद्रवीही नसते. २०२१ मध्ये कोविडनंतर ज्या म्युकरमायकोसिसला सगळे ‘काळी बुरशी’ म्हणत होते, ती भिंतीवरच्या या काळ्या ठिपक्यांहून वेगळी. डोळ्यांनी दिसत असलेल्या बुरशीची जात कोणती, हे शोधायला प्रयोगशाळेत नमुने पाठवण्यात सहसा अर्थ नसतो. जात कोणतीही निघाली तरी काम तेच करावं लागतं. हवेच्या चाचणीचं पॅकेज आधी विकणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

सावधान: छतावर तांबूस गंजाचे ओघळ, सळईच्या रेषेत गेलेली भेग किंवा गिलाव्याचे तुकडे पडणं ही बुरशीच्या कामाची लक्षणं नाहीत. आत सळई गंजून फुगते आहे. वाशी, नेरुळ, कोपरखैरणे इथल्या जुन्या इमारतींमध्ये, खाडीच्या खाऱ्या हवेत, हे सर्रास दिसतं. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट तसंही कायद्याने बंधनकारक आहे.

## टप्पा १: जे दिसतंय ते नेमकं काय आहे

भिंतीवर पांढरं, कापसासारखं किंवा मिठासारखं काही दिसलं की सगळे त्याला बुरशी म्हणतात. अर्ध्या वेळा तो लोणा असतो, म्हणजे भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकलेले. चिमूटभर बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर लोणा. बुरशी विरघळत नाही, चिखलासारखी पसरते आणि तिला कुबट वास असतो.

हे कळून घ्यायचं ते औषध बदलतं म्हणून. लोण्यावर बुरशीनाशक फवारणं म्हणजे पैसे वाया. तो कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा, ओल्या फडक्याने पुसायचा नाही, कारण पुसला की क्षार पुन्हा भिंतीत मुरतात. पण लोणा दिसला म्हणजे एक गोष्ट नक्की: पाणी भिंतीच्या आतून येतंय. हवेतल्या दमटपणाने लोणा येत नाही.

## टप्पा २: पाण्याची वाट शोधा

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट. दोन आठवडे लागले तरी लागू द्या.

आधी कॅलेंडर बघा. ओल जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर काही दिवसांत दिसते आणि दिवाळीनंतर आपोआप फिकी पडते? मग पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीतून किंवा गच्चीतून येतंय. एप्रिल-मेमध्येही तितकीच ओली आहे? मग नळाची पाइप, बाथरूम किंवा ड्रेनेज. मे महिन्यात एसी सुरू झाला की दिसते? मग एसीची निचरा-नळी. आणि फक्त जुलै-ऑगस्टमध्ये, कपाटामागे, कोपऱ्यात, पसरट ठिपक्यांच्या रूपात, पण भिंतीला हात लावला तर ओल लागत नाही? मग तो हवेतला दमटपणा.

मग जागा बघा. नैर्ऋत्येचा पाऊस असल्यामुळे आपल्याकडे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त मार खाते, वरच्या मजल्यांवर तर जास्तच. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशीसारखी उतरणारी ओल म्हणजे चौकटीभोवतीचा सिलिकॉन सुटलाय, नाहीतर खिडकीच्या तळाच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला उतार घराच्या दिशेने आहे. स्लायडिंग खिडकीच्या पट्टीतली पाणी जायची छोटी भोकं धुळीने बुजली असतील तरी पाणी आतच उलटतं. टाचणी घालून मोकळी करा. कित्येक घरांत गळती इथेच संपते आणि त्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत.

छताच्या आणि भिंतीच्या सांध्यावर आडवी सरळ रेघ दिसली तर बीम आणि वीटकाम यांच्यामधली भेग बाहेरून उघडी आहे. जमिनीपासून वर चढत जाणारी, साधारण ३ फुटांच्या आसपास थांबणारी ओल तळमजल्यावर आणि सिडकोच्या रो-हाऊसमध्ये दिसते. ते जमिनीतून शोषलेलं पाणी.

फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेर कुंड्यांसाठी काढलेला स्लॅब, खोलीत ओढून घेतलेला असेल, तर तिथे आधी बघा. त्या स्लॅबला बाहेरच्या कडेने वॉटरप्रूफिंग नसतं आणि वरून टाइल्स बसवल्यावर ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीन ठेवलं असेल, तर तिथली जाळी आणि तिच्या भोवतीचा सांधा पाहा.

बांधकाम कशाचं आहे यावरही बरंच ठरतं. घोडबंदर रोडवरचे आणि खारघरचे बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतींचे आहेत. साचा धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांची भोकं नंतर बुजवतात. ती अर्धवट बुजली असतील तर भिंतीवर ठरावीक अंतरावर, रांगेत, गोल-गोल ओले डाग येतात. असा डाग दिसला की आतून रंगवत बसू नका, फोटो काढून लगेच बिल्डरला लेखी कळवा. विटांऐवजी सिमेंटच्या ब्लॉकनी बांधलेल्या भिंतींमध्ये गोष्ट उलटी. तिथे डाग पसरट असतो, आणि ब्लॉक एकदा भिजला की वाळायला फार वेळ घेतो.

फॉइलची चाचणी. एवढं बघून खात्री झाली नाही, तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल एक फूट बाय एक फूट कापा आणि संशयित जागेवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा. रंग सुटत असेल तर तिथला पापुद्रा पाण्याचा फवारा मारून ओल्याने काढा आणि ती जागा सुकल्यावर फॉइल लावा. ४८ तासांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव असेल तर खोलीतली हवा दमट आहे आणि भिंत थंड. दोन्हीकडे असेल, आणि ठाण्यात जुलैमध्ये तसं खूपदा असतं, तर दोन्ही कामं करावी लागतील.

पेन्सिलची रेघ. ओलीची कड जिथे संपते तिथे पेन्सिलने रेघ ओढा, बाजूला तारीख लिहा. मग एक संशयित बंद करा आणि आठवडाभर थांबा. ऐरोलीतल्या एका बेडरूममध्ये स्कर्टिंगच्या वर फूटभर उंचीवर ताटाएवढा डाग होता. वरच्या मजल्यावरच्यांनी भांडणाला कंटाळून स्वतःच्या खर्चाने बाथरूमच्या टाइल्स उखडून नव्या घातल्या. डाग तसाच. शेवटी त्या खोलीतला एसी काही दिवस बंद ठेवला, तशी ओलीची कड पेन्सिलच्या रेघेच्या आत सरकायला लागली. भिंतीत गाडलेली एसीची निचरा-नळी सांध्यावर सुटलेली होती. वरच्यांची माफी मागायची वेळ कुणावर आली ते विचारू नका.

वरच्या बाथरूमची चाचणी करायचीच असेल तर एका वेळी एकच गोष्ट तपासा. आधी फरशी: न्हाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं तोंड, फडक्याने किंवा रबरी बुचाने बंद करून इंचभर पाणी भरा, पातळीची खूण करा आणि २४ ते ४८ तास ठेवा. खाली ओल वाढली तर फरशी किंवा ट्रॅपचा सांधा. नाही वाढली तर ट्रॅप उघडून पाणी सोडा आणि पुन्हा खाली बघा, म्हणजे ड्रेनेजची पाइप तपासली जाते. भिंतीतल्या पाण्याच्या पाइपसाठी प्लंबरकडून हातपंपाने दाब देऊन घ्या. दाब उतरला तर पाइप फुटकी. पाण्यात नीळ किंवा रंग टाकायची पद्धत आहे. खाली रंग दिसला तर पुरावा पक्का, पण दिसला नाही म्हणून वरचे निर्दोष ठरत नाहीत, कारण स्लॅबमधून झिरपताना रंग गाळला जातो.

थेंब जिथे पडतो त्याच्या वरच गळती असते, हाही समज सोडा. पाणी स्लॅबमधून, सळईच्या कडेने, बीमपर्यंत चालत जातं आणि मग उतरतं.

तपासणी: पुढे जाण्याआधी कागदावर एका वाक्यात लिहून काढा, ‘पाणी अमुक ठिकाणाहून येतंय, कारण अमुक चाचणीत असं दिसलं.’ ‘कारण’च्या पुढे काही लिहिता येत नसेल, तर कंत्राटदाराला अजून बोलावू नका.

## टप्पा ३: पाणी बंद करा, योग्य बाजूने आणि योग्य महिन्यात

पाणी ज्या बाजूने येतं त्याच बाजूने अडवायचं. बाहेरून येणाऱ्या पाण्याला आतून डॅम्पप्रूफ रंग लावला तर तो दाबाने पापुद्र्यासारखा सुटतो, किंवा पाणी दोन फूट सरकून शेजारच्या भिंतीत निघतं. आतून लावलेला थर फार तर एखादा मोसम काढून देतो. ते ठाऊक असून लावत असाल तर हरकत नाही.

बाहेरच्या भिंतीच्या भेगा, गच्चीचा कोबा, छज्जे ही कामं नोव्हेंबर ते मे या काळातली. भेग भरायला ती आतून कोरडी लागते. भर पावसात दोरीवरून उतरून कुणी मसाला थापत असेल, तर ते पैसे पुढच्या सरीबरोबर खाली जातात. पावसाळ्यात करण्यासारखं एवढंच: निळी ताडपत्री, खिडकीचा सिलिकॉन (चार-पाच तास उघाड मिळाली तर), बुजलेले पाइप मोकळे करणं आणि डक्टमधल्या (इमारतीच्या पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) पाइपच्या सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप कापणं. रोप नुसतं उपटलं तर मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. त्याचा बंदोबस्त हिवाळ्यात, सांधा उघडूनच होतो.

गच्चीवर बघायच्या जागा दोन. एक, कठडा आणि फरशी यांच्या सांध्यावरची गोलाई, जिला गवंडी वाटा म्हणतात. ती तडकलेली असते. दुसरी, पावसाचं पाणी जायच्या पाइपचं तोंड. फरशीच्या मधोमध कितीही महागडं केमिकल ओता, गळती बहुतेक या दोन ठिकाणांहून होते.

खर्च कुणाचा, यावरून सोसायटीत डोकी फुटायची वेळ येते. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्ची, बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीची. सदनिकेतल्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी त्या सभासदाची. सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही. तारीखवार फोटो आणि फॉइल-पेन्सिलच्या नोंदी जोडून अर्ज द्या आणि पोच घ्या. मार्चच्या आत द्या, कारण मे महिन्यात दोरीवरची चांगली माणसं मिळत नाहीत.

कंत्राटदाराला विचारायचे प्रश्न थोडेच. पाणी कुठून येतंय आणि हे कसं ठरवलं? ओल मोजणाऱ्या मीटरवर भिंतीचं वाचन घेतलं का, आणि काम झाल्यावर पुन्हा घेणार का? दर चौरस फुटाचा आहे की गळती थांबवण्याचा? हमीत नेमकं काय धरलंय, नुसतं लावलेलं मटेरियल की गळती परत आली तर पुन्हा काम? उत्तरं लेखी मागितली की अर्धे कंत्राटदार आपणहून गळतात. भिंत न बघता फोनवर ‘इंजेक्शन मारू, दहा वर्षं बघायला नको’ म्हणणारा माणूस नकोच.

## टप्पा ४: खोलीची तयारी

बुरशी काढताना लाखो बीजाणू हवेत उडतात. तयारी नसेल तर एका भिंतीची बुरशी घरभर होते.

पंखा आणि एसी बंद. त्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर त्या खोलीचा एमसीबी खाली. पावसाळ्यात ईएलसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार उडत असेल तर ओल वायरिंगपर्यंत पोचली आहे, आधी वायरमन बोलवा. गाद्या, पडदे, कपडे, पुस्तकं बाहेर. हलवता न येणारं कपाट प्लास्टिकने गुंडाळा. दाराला जाड प्लास्टिक चिकटपट्टीने लावा आणि मध्ये उभी चीर देऊन त्यावर दुसरा पडदा सोडा. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बाहेरच्या दिशेने लावता आला तर उत्तम. मग खोलीतली हवा घरात न येता बाहेर जाते. मात्र ती हवा शेजाऱ्यांच्या खिडकीत किंवा बंद डक्टमध्ये जात नाही ना, ते बघा.

स्वतःसाठी एन-९५ मास्क, बाजूने बंद असलेला चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, धुता येतील असे पूर्ण बाह्यांचे कपडे. ओढणी किंवा रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत.

तपासणी: दाराच्या पडद्याजवळ उदबत्ती धरा. धूर खोलीच्या आत ओढला जात असेल तर बंदोबस्त बरोबर आहे. बाहेर येत असेल तर पंखा उलटा लागलाय किंवा कुठेतरी फट आहे.

## टप्पा ५: बुरशी काढणं

नियम एकच: कोरडं खरवडायचं नाही. आधी साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा, भिंत ओघळू न देता. मग पत्र्याच्या पट्टीने वरून खाली. खाली प्लास्टिक अंथरलेलं. निघालेला रंग-पुट्टी लगेच पिशवीत.

कशावर बुरशी आहे, त्यावर पुढचं ठरतं.

टाइल्स, काच, स्टील, सिंक: साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. डाग राहिला तर ब्लीच, ४ लिटर पाण्यात जास्तीत जास्त १ कप, खिडकी उघडी ठेवून.

रंगवलेली भिंत, आतला गिलावा घट्ट: रंग आणि पुट्टी डागाच्या कडेपासून फूटभर पुढेपर्यंत काढा. भिंतीवर ब्लीच ओतू नका. त्यातला क्लोरीन वरच्या वर संपतो आणि पाणी तेवढं आत मुरतं. डाग पांढरा पडतो, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून दहा मिनिटांनी पुसा, किंवा भिंतीसाठी मिळणारं बुरशीनाशक डब्यावरच्या प्रमाणात वापरा.

बोटाने टकटक केल्यावर पोकळ वाजणारा गिलावा: विटेपर्यंत तोडायचा. इथे माया नको.

पीओपी, जिप्सम बोर्ड, फुगलेलं प्लायवूड, वॉलपेपर, ओली झालेली कापसाची गादी: फेकून द्या. बुरशी यांच्या आत शिरलेली असते, वरून पुसून जात नाही. भरीव सागवानाचं फर्निचर मात्र वाचतं. पुसा, सुकवा, पॉलिश पेपरने हलकं घासा, पुन्हा पुसा.

कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात, आणि ऊन नसेल तर लाँड्रीच्या ड्रायरमध्ये.

डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा कचरा, दुहेरी पिशवीत बांधून, पिशवीची बाहेरची बाजू पुसून मगच लिफ्टमध्ये न्या. शेवटी खोलीतल्या सगळ्या सपाट जागा ओल्या फडक्याने पुसा, पंख्याची पाती विसरू नका. व्यावसायिक लोक हेपा फिल्टरचा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणारा, व्हॅक्यूम फिरवतात. घरातला साधा व्हॅक्यूम वापरू नका, तो बीजाणू मागच्या बाजूने परत हवेत सोडतो.

सावधान: ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू होतो. ब्लीचमध्ये व्हिनेगरसुद्धा नको, अमोनिया असलेला काचेचा क्लीनरही नको. बंद बाथरूममध्ये हा अपघात जिवावर बेततो.

## टप्पा ६: वाळवणं, आणि वाळलंय हे सिद्ध करणं

विटांची भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना धरतात. म्हणजे पूर्ण भिजलेली नऊ इंची भिंत गणपतीआधी वाळणं शक्यच नाही. दिवाळीपर्यंतही कठीण. पाणी बंद झाल्यानंतरचा महिना मोजायचा, हे वेगळं सांगायला नको.

या काळात भिंत उघडी ठेवायची. विटा दिसतात, घर वाईट दिसतं, पाहुणे विचारतात. सांगा त्यांना. फार तर वीतभर अंतर ठेवून समोर कापडी पडदा सोडा. फ्लेक्स किंवा प्लास्टिक लावू नका.

जून ते सप्टेंबरमध्ये खिडक्या उघडून भिंत वाळत नाही. बाहेरच्या हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता असते, ती भिंतीतून पाणी काय शोषणार? खिडक्या-दारं बंद, डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र) किंवा एसी ड्राय मोडवर आणि भिंतीच्या कडेने वाहणारा पंखा. पाऊस ओसरून कोरडा वारा सुटला की उलट करायचं: खिडक्या सताड उघड्या, नुसता पंखा. भिंतीवर हॅलोजन किंवा ब्लोअर धरू नका. वरचा थर तडकतो आणि आतलं पाणी तिथेच राहतं.

ओल मोजण्यासाठी दोन टोकांचा मॉइश्चर मीटर असतो. त्यावरचे आकडे लाकडासाठी आखलेले असतात, त्यामुळे भिंतीवरचा ‘१८ टक्के’ शब्दशः घेऊ नका. घरातल्या कायम कोरड्या असलेल्या आतल्या भिंतीचं वाचन घ्या, ते तुमचं माप. दुरुस्तीच्या भिंतीचं वाचन त्याच्या जवळ येऊन दोन आठवडे तिथेच स्थिर राहिलं की भिंत वाळली. लोणा असलेल्या जागी मीटर फसतो, क्षारांमुळे आकडा उगाच वर दिसतो. तिथे पुन्हा फॉइल लावा.

## टप्पा ७: गिलावा, पुट्टी, रंग

बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला पीओपी किंवा जिप्समचा थर पुन्हा देऊ नका. तो पाणी शोषतो. सिमेंट-वाळूचा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंगचं मिश्रण, पाणी मारून नीट मुरवलेला, आणि वर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. नव्या गिलाव्याला रंगाआधी २८ दिवस द्या. रंगारी आठ दिवसांत मागे लागेल, त्याला पुढची तारीख द्या.

रंग साधा, श्वास घेऊ देणारा. बुरशीरोधक रंगात औषध असतं, ते पृष्ठभागावरची बुरशी काही काळ लांबवतं, पाणी अडवत नाही. दमट बाथरूमच्या छताला तो योग्य. गळणाऱ्या भिंतीला लावून उपयोग शून्य. चकचकीत, धुता येणारे प्लास्टिकसारखे रंग किंवा वॉलपेपर या भिंतीवर निदान एक पूर्ण पावसाळा नकोत. आत ओल राहिली असेल तर ती साध्या रंगातून लवकर दिसते, आणि आपल्याला तेच हवंय.

## टप्पा ८: पावसाळ्यातली हवा

गळती नसतानाही कपाटातल्या चपला-पर्सवर बुरा चढतो, तो हवेतल्या पाण्यामुळे. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काहीशे रुपयांत मिळतो. तो हॉलमध्ये शोभेला ठेवू नका, सगळ्यात दमट कोपऱ्यात ठेवा. ६० टक्क्यांच्या खाली राहिला तर छान. ७० वर दिवसेंदिवस राहिला तर काहीतरी करा.

सगळ्यात जास्त पाणी आपणच हवेत सोडतो. मशीनभर कपडे घरात वाळवले तर दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. कपडे घरातच वाळवायचे असतील तर एका खोलीत, दार बंद करून, तिथेच डीह्युमिडिफायर किंवा एसी लावून. बेडरूमच्या दारांवर, खुर्च्यांवर, हॉलच्या ग्रिलला असे घरभर पसरून नकोत. आंघोळीनंतर एक्झॉस्ट अर्धा तास चालू आणि बाथरूमचं दार घराच्या बाजूने बंद. पंख्यामागची जाळी डक्टमध्ये उघडते ना, तेही बघा. कबुतरांनी घरटं केलं म्हणून कुणीतरी ती प्लास्टिकने बंद केलेली असते.

एसी २० वर ठेवून झोपणाऱ्यांसाठी एक हिशेब. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना ती हवा २५ अंशांवर दव सोडते. रात्रभर गार झालेल्या भिंतीच्या पलीकडे बिनएसीची खोली असेल, तर तिथली दमट हवा त्या भिंतीवर येऊन थबकते, आणि बुरशी पलीकडच्या खोलीत, बहुधा कपाटामागे, धरते. एसी २५-२६ वर ठेवा आणि कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा. बाहेरच्या भिंतीला पाठ लावून बनवलेल्या बंद वॉर्डरोबच्या पाठीच्या प्लायवूडला वर-खाली जाळीची भोकं पाडून घ्या.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर कुबट वास झाकतात, ओल शोषत नाहीत. कॅल्शियम क्लोराइडचे डबे ओल शोषतात, पण फक्त घट्ट बंद कपाटात, आणि पाणी साठलं की बदलावे लागतात. मोकळ्या खोलीत ठेवून उपयोग नाही.

दुरुस्त केलेल्या भिंतीची पहिली खरी परीक्षा पुढच्या जूनमध्ये. सलग दोन-तीन दिवस झोडपून झालं की मीटर घेऊन जुन्याच जागांची वाचनं घ्या, पेन्सिलने तारखेसह लिहा आणि जुलैअखेर पुन्हा घ्या. आकडा चढत असेल तर भिंतीवर डाग दिसायची वाट न बघता, कंत्राटदाराच्या हमीचा कागद काढून त्याच आठवड्यात लेखी कळवा.